स्नॅपशॉटने मशीन परत येतं, पट्ट्या येत नाहीत

तासगावच्या एका बेदाणा अडत्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. दुकानातला विंडोज १० चा कॉम्प्युटर अपडेट चालू असताना लाईट गेली आणि बंद पडला. आता चालू केला की 'ऑटोमॅटिक रिपेअर' येतं, गोल गोल फिरतं आणि पुन्हा तेच. टॅली, एक्सेलमधल्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाचे कागद), श्रीलिपीत टाइप केलेली पत्रं, सगळं त्यातच आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं की स्नॅपशॉटचं सॉफ्टवेअर टाका, एका बटणात चार दिवसांपूर्वीचा कॉम्प्युटर जसाच्या तसा परत मिळतो. तर असं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, आणि त्याने हा कॉम्प्युटर सुरू होईल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. नाही होणार. मशीन बंद पडल्यावर आणलेलं स्नॅपशॉट सॉफ्टवेअर मागच्या आठवड्याची स्थिती आणणार कुठून? ती त्याने कधी पाहिलेलीच नाही. मात्र विंडोजने स्वतः एखादा रिस्टोअर पॉइंट, म्हणजे मागे परत जाण्याची खूण, करून ठेवला असण्याची शक्यता आहे. तो असेल तर कामाला येईल. त्याकडे येतोच.

पण दादा, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकमेकांत मिसळली आहेत. एक, कॉम्प्युटर सुरू करणं. दोन, पट्ट्या आणि टॅली वाचवणं. स्नॅपशॉट मुळात पहिल्या कामासाठी असतो. दुसऱ्या कामासाठी तुम्ही त्याच्यावर विसंबलात तर कधी ना कधी अडकणार. आणि आज तुम्हाला खरी भीती दुसऱ्याची आहे. कॉम्प्युटर काय, नवाही मिळतो.

घाबरू नका, हे म्हणायला आधारही आहे. मशीन सुरू न होणं म्हणजे डेटा गेला असं नव्हे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले होते. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. पण त्या मशीनमधल्या फाइली जागेवरच होत्या. सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच फाइलींवर सुरू करायची सोय) जाऊन एक फाइल काढून टाकली की मशीन उठत होतं. तुमचंही बहुधा याच जातीचं आहे: अपडेट अर्धवट राहिलं, विंडोजच्या फाइलींचा मेळ तुटला. 'बहुधा' म्हणतोय, कारण लाईटच्या झटक्याने डिस्कच गेली असेल तर सगळं गणित बदलतं.

म्हणून पहिलं काम: कुठलंही 'रिस्टोअर', 'रिपेअर', 'रिसेट' दाबायच्या आधी डिस्क जिवंत आहे का ते बघा. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर कान लावा. टक् टक् असा ठराविक आवाज येत असेल तर मशीन तिथेच बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. आवाज नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये तिची तब्येत बघायची. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा. त्यात 'रिअलोकेटेड सेक्टर' (खराब झाल्याने बदललेले) आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे) या दोन ओळी मी सगळ्यात आधी वाचतो. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर मी काहीही दुरुस्त करत नाही. आधी तिची सेक्टर-सेक्टर कॉपी दुसऱ्या डिस्कवर घेतो आणि पुढचं सगळं त्या कॉपीवर करतो. कारण रिस्टोअर म्हणजे डिस्कवर भरपूर लिहिणं. मरायला टेकलेल्या डिस्कला ते झेपत नाही, आणि ज्या पट्ट्या वाचल्या असत्या त्याही जातात.

डिस्क ठीक निघाली की दुसरं काम म्हणजे डेटा बाहेर काढणं. इथेही रिस्टोअरला हात लावायचा नाही. लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पेनड्राइव्ह करून त्यावरून मशीन सुरू करा. विंडोजला न उठवताच आतल्या फाइली दिसतात. विंडोज नीट बंद झालेलं नसलं की लिनक्स ती ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती उघडतं. चालेल, आपल्याला वाचायचंच आहे. 'युजर्स' हे पूर्ण फोल्डर घ्या, त्यातल्या 'पब्लिक'सकट, कारण टॅलीचा डेटा पुष्कळदा तिथे पडलेला असतो आणि लोक फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलून मोकळे होतात. सी ड्राइव्हवर थेट केलेली फोल्डरंही बघा, दिवाणजींना तिथे फोल्डर करायची सवय असते. श्रीलिपीचे फॉन्टही घ्या, नाहीतर पत्रं उघडतील पण वाचता येणार नाहीत. सगळं एका पोर्टेबल डिस्कवर उतरलं की ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून शेवटच्या आठवड्यातल्या दोन-चार पट्ट्या प्रत्यक्ष उघडा. फाइल दिसणं वेगळं आणि उघडणं वेगळं.

एक अडथळा येऊ शकतो. ड्राइव्ह उघडायला गेलात आणि तिने ४८ आकडी किल्ली मागितली तर ती बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच डिस्क-कुलपाने, बंद केलेली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या लॅपटॉपवर हे मालकाला पत्ता नसताना चालू झालेलं असतं. किल्ली त्याच खात्यात साठवलेली असते, मोबाइलवरून त्या खात्यात शिरलं की मिळते. प्रश्न एवढाच की खातं कुणाचं? मशीन विकत घेताना दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलवर सेटअप करून दिल्याचे प्रकार मी पाहिलेत. ज्यांचं मशीन आज ठणठणीत चालतंय त्यांनी ही किल्ली आजच शोधून कागदावर लिहून ठेवावी.

डेटा हातात आला की मग निर्धास्तपणे दुरुस्तीला लागा. ऑटोमॅटिक रिपेअरनंतर येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. तुमच्या बाबतीत मी सुरुवात 'अनइन्स्टॉल अपडेट्स'ने करीन, कारण बिघाड अपडेटपासून सुरू झालाय. त्याने जमलं नाही तर 'सिस्टिम रिस्टोअर'. तारखांची यादी आली तर त्यातला सगळ्यात जुना पॉइंट निवडू नका, अपडेटच्या लगेच आधीचा निवडा. जितकं मागे जाल तितके मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर उडतील. कोणते उडणार याची यादी 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स'वर मिळते, ती बघून मगच पुढे जा. आणि एक लक्षात ठेवा. चालू विंडोजमधून केलेलं रिस्टोअर मागे घेता येतं, पण या दुरुस्तीच्या पडद्यावरून किंवा सेफ मोडमधून केलेलं घेता येत नाही. डेटा आधी काढायला सांगतोय ते यासाठीही. रिस्टोअर चालू असताना पुन्हा लाईट गेली तर विचारूच नका, तेव्हा मशीन यूपीएसवर घ्या, आणि त्या यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते का ते आधी बघा.

'रिसेट धिस पीसी' हे बटण शेवटी ठेवा. 'कीप माय फाइल्स' वाचून लोकांना वाटतं की सगळं राहणार. फाइली राहतात, पण नंतरून टाकलेले प्रोग्रॅम जातात. टॅली गेलं, श्रीलिपी गेलं, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर गेला, डॉट मॅट्रिक्सच्या कागदाचं माप गेलं.

रिस्टोअर पॉइंटची यादी रिकामी आली तर? तसं फार वेळा होतं. विंडोज १० मध्ये 'सिस्टिम प्रोटेक्शन', म्हणजे हे पॉइंट करणारी सोय, पुष्कळ मशीनवर बंदच असतं, मालकाने कधी चालू केलेलं नसतं. चालू असलं तरी राखून ठेवलेली जागा भरली की जुने पॉइंट आपोआप पुसले जातात. शिवाय विंडोजची मोठी आवृत्ती बदलली की आधीचे सगळे जातात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत तर जून २०२५ च्या अपडेटपासून पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवस ठेवले जातात. पॉइंट नसेल तर 'स्टार्टअप रिपेअर' करून बघावं, आणि त्यानेही न उठल्यास नवीन विंडोज टाकावं. डेटा आधीच बाहेर असल्यामुळे मग ते फक्त कंटाळवाणं काम उरतं.

आता तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग: पुढच्या वेळेसाठी काय घ्यावं. इथे मला थोडं खोलात जावं लागेल, कारण 'स्नॅपशॉट' या एकाच नावाखाली बाजारात तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली वस्तू म्हणजे विंडोजचा रिस्टोअर पॉइंट. तो काही सेकंदांत तयार होतो याचं लोकांना कौतुक वाटतं. मला त्यातच त्याची मर्यादा दिसते. त्या सेकंदांत तो काहीच कॉपी करत नाही. यापुढे डिस्कवरचा एखादा तुकडा बदलणार असेल, तर बदलायच्या आधी जुना तुकडा बाजूला काढून ठेवायचा, एवढी नोंद तो करतो. परत जायचं झालं की न बदललेले तुकडे मूळ जागेवरून आणि बदललेले त्या बाजूच्या ढिगातून असं जुळवून जुनं चित्र उभं करतो. म्हणजे अर्धा स्नॅपशॉट हा तुमची चालू डिस्कच आहे. ती गेली की तो गेला. आणि परत आणताना तो विंडोजच्या फाइली, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची वही), ड्रायव्हर, प्रोग्रॅम एवढंच मागे नेतो. तुमच्या एक्सेल आणि वर्डच्या फाइलींना तो हात लावत नाही. ही चांगलीही गोष्ट आहे, कारण कालची पट्टी पुसली जात नाही. पण चुकून डिलीट झालेली पट्टी तो परतही देत नाही. खंडणी मागणारे व्हायरस तर फाइली कुलूपबंद करताना हे जुने तुकडे मुद्दाम पुसून टाकतात.

दुसरी वस्तू म्हणजे पूर्ण ड्राइव्ह मागे नेणारी सॉफ्टवेअरं: डीप फ्रीझ, रोलबॅक आरएक्स वगैरे. तुम्हाला ज्यांनी 'एका बटणात चार दिवसांपूर्वीचा' असं सांगितलं त्यांच्या डोक्यात बहुधा हीच असणार. डीप फ्रीझ शाळेच्या लॅबमध्ये सोन्यासारखं आहे. पोरांनी दिवसभर काहीही घोळ घालू दे, रीस्टार्ट केलं की मशीन सकाळसारखं. पण हेच हिशेबाच्या मशीनवर टाकलं आणि डेटाची ड्राइव्ह वेगळी काढली नाही, तर दिवाणजींनी दिवसभर केलेल्या नोंदीही रीस्टार्टबरोबर जातात. रोलबॅक आरएक्स तेवढं निष्ठुर नाही, ते तुम्ही निवडलेल्या वेळेला जातं. पण जाताना संरक्षित ड्राइव्हवरचं सगळंच नेतं. चार दिवस मागे म्हणजे चार दिवसांचे सौदे मागे. शिवाय अशी सॉफ्टवेअरं विंडोजच्या आधी, डिस्क आणि विंडोजच्या मध्ये बसतात. तेच बिघडलं तर बाहेरून लिनक्सने बघताना डिस्कची ताजी स्थिती दिसेलच याचा भरवसा नाही. डेटा बाहेर काढायचा मी वर सांगितलेला सरळ रस्ता तिथे अवघड होऊन बसतो. अडत दुकानाच्या मशीनवर मी ती टाकत नाही. कुणी हौसेने टाकली असतील तर आधी डेटा वेगळ्या, असंरक्षित ड्राइव्हवर हलवायला लावतो.

तिसरी वस्तू म्हणजे इमेज. पूर्ण ड्राइव्हची प्रत, वेगळ्या डिस्कवर. ही करायला वेळ लागतो, जागा लागते, आणि तुमच्या कामाची हीच आहे.

का, ते सांगतो. विंडोज नव्याने टाकायला तासभर पुरतो. त्यानंतरचं काम दोन-दोन दिवस खातं: टॅलीचं लायसन्स पुन्हा जागेवर आणणं, श्रीलिपी, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटरचं कागदाचं माप, बँकेच्या साइटसाठी केलेल्या सेटिंग, दुकानातल्या दुसऱ्या मशीनशी जोडलेलं नेटवर्क. यातलं निम्मं कुणाच्या लक्षात नसतं, काम अडलं की एकेक आठवतं. सौद्याच्या दिवशी बाहेर शेतकरी पट्टीसाठी थांबलेत आणि आत प्रिंटर कागद अर्ध्यात तोडतोय, ही वेळ इमेजने टळते. सगळं बसवलेलं, तपासलेलं मशीन जसंच्या तसं परत उभं राहतं.

कोणत्या सॉफ्टवेअरने करावी? मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती पूर्वी मी सगळीकडे टाकायचो, पण कंपनीने तिचा सपोर्ट १ जानेवारी २०२४ पासून बंद केला. विंडोजमध्येच असलेला 'सिस्टिम इमेज' हा पर्याय मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच सोडून दिल्यासारखा जाहीर केला. तो अजून दिसतो, चालतोही, पण मी त्याच्यावर दुकान ठेवणार नाही. सध्या मी व्हीमच्या विंडोज एजंटची फुकट आवृत्ती देतो. ती कॉम्प्युटर चालू असताना इमेज घेते, पहिल्यांदा पूर्ण आणि नंतर फक्त बदललेला भाग, आणि हवी तर त्यातून एकटी फाइलही काढून देते. तिच्यात एक बारीकशी सोय आहे. बॅकअप संपला की बाहेरची डिस्क ती स्वतःच इजेक्ट करते, म्हणजे व्हायरस आलाच तर डिस्क त्याच्या हाताला लागत नाही. क्लोनझिलाही उत्तम आहे, पण ते मशीन बंद करून पेनड्राइव्हवरून चालवावं लागतं, पडदा काळा आणि प्रश्न इंग्रजीत. शिवाय ज्या डिस्कवर परत टाकायचं ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. तंत्रज्ञाच्या हातात ते ठीक, दिवाणजींच्या नाही.

इमेज घेताना रिकव्हरीचा पेनड्राइव्ह त्याच दिवशी करा आणि त्यावरून मशीन एकदा सुरू करून इमेज दिसते का तिथपर्यंत जाऊन या. शक्य असेल तर एखाद्या रिकाम्या एसएसडीवर ती पूर्ण उतरवून बघा. इमेज आहे पण पेनड्राइव्हवरून मशीनच सुरू होत नाही, किंवा होतं पण बाहेरची डिस्क ओळखत नाही, हे संकटाच्या दिवशी कळण्यात अर्थ नाही. इमेज दुसऱ्याच मशीनवर टाकायची वेळ आली तर आणखी भानगडी निघतात. जुनं मशीन लेगसी (सुरू होण्याच्या जुन्या) पद्धतीचं आणि नवं यूईएफआय (नव्या) पद्धतीचं असेल, किंवा बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्क जोडण्याचा मोड एकीकडे एएचसीआय आणि दुसरीकडे रेड असेल, तर सगळं नीट उतरूनही विंडोज उठत नाही. शिवाय मशीनबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स त्या मदरबोर्डला बांधलेलं असतं. म्हणून वेगळ्या मशीनवर इमेजपेक्षा नवं विंडोज आणि वेगळा ठेवलेला डेटा हाच मार्ग बरा पडतो.

वेगळा ठेवलेला डेटा, हो. इमेज घेतली तरी पट्ट्या आणि टॅलीचा बॅकअप रोजचा रोज स्वतंत्र हवाच. इमेज आठवड्याची किंवा महिन्याची असते, तुमचा धंदा तासातासाचा. टॅलीमधूनच बॅकअप घ्या, चालू कंपनीचं फोल्डर नुसतं कॉपी करू नका. एका अडत दुकानाचा डेटा एवढासा असतो की झिप करून गुगल ड्राइव्हच्या फुकट १५ जीबीत आरामात बसतो, फक्त ती जागा जीमेल आणि फोटोही वापरतात हे लक्षात असू द्या.

जागेचा मुद्दा आम्हा सांगलीकरांना कृष्णेने शिकवलाय. पूर्वी सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवांत, म्हणजे खोल खड्ड्यांत, ठेवायचे. वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड लागायची नाही, पण २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि साठा गेला. त्याच डिस्कवरचा स्नॅपशॉट म्हणजे पेवच. रोजच्या धोक्याला भक्कम, पण सगळं एकाच खड्ड्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्या पुरानंतर सांगलीच्या गावभागातून चिखलाने भरलेली मशीनं दुरुस्तीला आली, आणि काहींबरोबर बॅकअपची पोर्टेबल डिस्कही आली. तीही त्याच टेबलाच्या खालच्या खणातून, तितकीच चिखलाने भरलेली. तासगावला कृष्णेचा धोका नाही हे मान्य, पण आग, चोरी आणि विजेचा लोळ तिथेही आहेतच. इमेजची डिस्क दुकानात आणि डेटाची दुसरी प्रत घरी किंवा ऑनलाइन, एवढं अंतर पुरे.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण काही शाळांत आता मिंट दिसतं. त्यात टाइमशिफ्ट हा स्नॅपशॉटचा प्रोग्रॅम आधीच असतो, फार चांगला चालतो, आणि मिंटच्या पेनड्राइव्हवरून बंद पडलेलं मशीनही परत आणतो. पण तोही 'होम' फोल्डर (जिथे वापरणाऱ्याच्या फाइली असतात) मुद्दाम वगळतो. गोष्ट तीच: सिस्टिम परत येते, कागद येत नाहीत. होम त्यात घालायचा पर्याय आहे, पण घालू नका, नाहीतर सिस्टिम मागे नेताना कागदही मागे जातील.

राहता राहिलं विंडोज १०. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचं मशीन उठलं की कुणीतरी लगेच ११ वर जायला सांगेल, आणि हार्डवेअर बसत असेल तर ते योग्यच आहे. पण त्याआधी १० ची पूर्ण इमेज घ्या. ११ वर गेल्यावर 'गो बॅक'ची मुदत फक्त १० दिवसांची असते. टोकन किंवा प्रिंटरची अडचण नेमकी अकराव्या दिवशी लक्षात आली तर परतीचा रस्ता इमेजचाच. आणि हा बदल जीएसटीचं रिटर्न भरायच्या आठवड्यात किंवा मार्चअखेरीला करू नका. बेदाण्याचे सौदे बंद असतील असे दोन दिवस निवडा.